पंचफुलाबाई उठल्या

चालत्याबोलत्या माणसाला घरचीच माणसं मायेनं कशी मारत नेतात, ते मी नागपूरच्या हनुमाननगरात डोळ्यांनी पाहिलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी पंचफुलाबाई डांगोऱ्यांची ती खाट आठवली की माझं डोकं आजही तापतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल होतं. आम्ही डांगोऱ्यांच्या घरात मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मधे एकच भिंत. आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की त्यांच्याकडे ठसका लागायचा आणि त्यांच्याकडचं बोलणं न बोलावता आमच्याकडे यायचं. घरमालक मनोहरराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांची बायको वच्छला, कॉलेजात शिकणारी मुलगी प्रेमिला आणि मनोहररावांची आई पंचफुलाबाई, एवढंच कुटुंब.

पंचफुलाबाई काटोलकडच्या खेड्यातल्या. सारा जन्म शेतात गेलेला. नवरा रुपराव वारल्यावर मुलानं त्यांना नागपूरला आणलं, पण त्यांचे हात रिकामे बसायला तयार नव्हते. घरामागच्या तुकड्यात त्यांनी वांगी, अंबाडी आणि सांबार म्हणजे कोथिंबीर लावली होती. विहिरीचं पाणी स्वतः ओढायच्या. बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजाराला पायी जायच्या आणि भाजीचं गाठोडं डोक्यावर घेऊन पायीच परत यायच्या. एखादा रिक्षावाला शेजारी येऊन हळू झाला तर त्यालाच झापायच्या. साठी केव्हाच उलटली होती, पण बाईंना म्हातारी म्हणायची गल्लीत कोणाची छाती नव्हती.

गल्लीत त्यांचं एकाच बाईशी वाकडं होतं, ती म्हणजे समोरच्या घरातल्या यमुताई. यमुताई नागपुरातल्याच महाल भागातल्या, जुन्या ब्राह्मण घरातल्या, मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. वय पंचफुलाबाईंइतकंच. रोज सकाळी पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, आणि दोन्ही हात हलवत बाई रेशीमबागेच्या मैदानाकडे निघायच्या. गल्ली हसायची. सगळ्यांत मोठ्यानं पंचफुलाबाई हसायच्या. काम ना धंदा, ही बाई रिकामीच चालून राहिली, असं त्या यमुताईंना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायच्या. त्यात यमुताईंच्या मोरीचं पाणी डांगोऱ्यांच्या दारासमोरून वाहायचं. त्यावरून दोघींचं बोलणं कधीचंच बंद झालं होतं.

श्रावणात पंचफुलाबाई न्हाणीत पडल्या. फरशीवर शेवाळ धरलं होतं. मनोहररावांना ते ठाऊक होतं, पुढच्या रविवारी घासून घेऊ असं म्हणत त्यांनी बरेच रविवार घालवले होते. खुब्यापाशी हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात पायाला वजनं बांधून त्यांना दसऱ्यापर्यंत निजवून ठेवलं. हाड जुळलं. घरी सोडलं त्या दिवशी माझे यजमान मनोहररावांच्या सोबत होते. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पाय थोडा आखूड राहील, पण आता यांना बसवा, उभं करा, धरून चालवा, निजवून ठेवू नका. निघता निघता ते म्हणाले की पुन्हा पडू मात्र देऊ नका, या वयात दुसऱ्यांदा मोडलं तर कठीण जाईल.

मनोहररावांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

समोरच्या खोलीत खिडकीखाली खाट टाकली आणि त्या दिवसापासून पंचफुलाबाईंचा पाय जमिनीला लागला नाही. तहान लागली की पाणी तोंडाशी यायचं. कूस बदलायची तर दोघं धरून वळवायचे. मोडला होता पाय, पण वच्छला भात भरवायची चमच्यानं. ज्वारीची भाकर बंद झाली, कारण पचायची नाही. मिरची बंद झाली. पहिले काही दिवस पंचफुलाबाई ओरडायच्या, मले उठू द्या, मले खाली पाय टेकू द्या. मनोहरराव हात जोडून समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, माय, तुले आता काही झालं तर मी कोणाले तोंड दाखवू? त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. न्हाणीतलं ते शेवाळ त्यांच्या मनातून जात नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांच्या पश्चात्तापाची शिक्षा त्यांची आई भोगत होती, हे त्या घरात कोणाला दिसत नव्हतं.

नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढलीसुद्धा नाही. वयाचं आहे, जपा, एवढं बोलून ते टॉनिक लिहून देऊन गेले. वयाचं आहे! तीन महिन्यांपूर्वी ही बाई विहिरीतून भरलेली बादली ओढत होती. तीन महिन्यांत वय कुठून आलं? आणून निजवलं म्हणून आलं.

मग दिवाळीच्या सुमारास नातेवाईक सुरू झाले. ते भेटायला येत नव्हते, शेवटचं बघायला येत होते. खाटेशेजारी बसून वच्छलाला विचारायचे, जेवतात काय? माणूस ओळखतात काय? पंचफुलाबाई डोळे उघडे ठेवून समोर पडलेल्या असायच्या. गावाकडून त्यांची नणंद जयवंताबाई आल्या. त्यांनी पायाशी बसून आधी रडून घेतलं, मग पदरानं डोळे पुसून चहा मागितला. जाताना काशीच्या गंगाजलाचा गडू त्यांनी खाटेसमोरच्या कोनाड्यात ठेवला. वेळेवर शोधाशोध नको, असं म्हणाल्या. तो गडू पंचफुलाबाईंच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस तसाच राहिला.

हळूहळू त्यांचं ओरडणं थांबलं. पाठीवर फोड आले, ते चिघळले. पोटऱ्या सुकून काठीसारख्या झाल्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येईनासा झाला. घरच्यांना वाटलं, आता शांत झाल्या. मला मात्र त्या शांततेचीच भीती वाटायला लागली. ज्या बाईनं भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, पोटच्या मुलाला कधी सोडलं नाही ती गप्प झाली म्हणजे तिनं आत काहीतरी सोडून दिलं.

अशात एका दुपारी यमुताई आल्या. मी तिथंच वच्छलाजवळ बसले होते. यमुताई खाटेशी उभ्या राहिल्या. प्रकृतीची चौकशी नाही, काही नाही. त्यांनी वाकून पांघरूण बाजूला केलं, पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "टाच उचला."

वच्छला घाईनं म्हणाली की त्यांना नाही जमत. यमुताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "मी त्यांना सांगितलं. पंचफुलाबाई, टाच उचला. एक बोटभर."

पंचफुलाबाईंच्या चेहऱ्यावर रक्त चढलेलं मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. "मास्तरीणबाई, आधी आपल्या मोरीचं पाणी पाहा," त्या म्हणाल्या. "माह्या घरात येऊन मले कवायत शिकवून राहिल्या काय? निंघा."

"जीभ चांगली उचलते तुमची," यमुताई म्हणाल्या. "टाच उचलत नाही. पडण्यानं तुम्ही मेला नाहीत. या पडून राहण्यानं मराल."

आणि त्या निघून गेल्या. वच्छला संतापली. आजारी माणसाच्या तोंडावर मरणाचं बोलतं काय कोणी, असं संध्याकाळपर्यंत ती ज्याला त्याला सांगत होती. गंगाजल समोर ठेवलेलं तिला चाललं होतं. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. पंचफुलाबाई भिंतीकडे तोंड करून रागानं रडत होत्या. मी उठायला लागले तेव्हा सहज माझं लक्ष पायथ्याशी गेलं. पांघरूण हललं. खाली बसलं. पुन्हा हललं.

त्या टाच उचलून पाहत होत्या.

तरी तेवढ्यावर त्या उठल्या असत्या असं मी म्हणणार नाही. एक दिवस उचलायच्या, दोन दिवस नाही. उठवलं त्यांना दुसऱ्याच गोष्टीनं, आणि ती ऐकून मलाही झोप आली नव्हती.

प्रेमिला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा उन्हाळ्यात. पोरगी अभ्यासू, वर्गात वरच्या नंबरात. तिच्यासाठी काटोलचं स्थळ सांगून आलं होतं, महादेवरावांच्या घरचं. संत्र्याचे मोठे बागाईतदार. मनोहररावांनी आधी परीक्षेनंतर पाहू म्हणून ठेवलं होतं. आता त्यांना एकदम घाई झाली. घरात बोलणी सुरू झाली ती पंचफुलाबाईंच्या खाटेशेजारी बसूनच, कारण खाटेवरच्या माणसाला कान नसतात असं सगळ्यांनी धरलं होतं. मायचं काही खरं नाही. ती गेली तर वर्षभर घरात कार्य करता येणार नाही. स्थळ हातचं जाईल. माघातला पहिला मुहूर्त धरून उरकून टाकू.

उरकून टाकू. पोरीचं लग्न आणि आईचं मरण, दोन्ही एकाच हिशेबात बसवलेलं. आणि प्रेमिलाला कोणी विचारलं? कोणीही नाही. ती माझ्याकडे येऊन पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि पान उलटायची नाही.

एका दुपारी वच्छला बाजारात गेली होती. पंचफुलाबाईंनी प्रेमिलाला हाक मारली. मी त्यांच्या दाराशी सांडगे वाळत घालत होते, दार उघडं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "तुले हे लगन आता कराचं हाय काय वं?"

प्रेमिला म्हणाली, "मले परीक्षा द्याची आहे."

"मंग बापाले सांग."

"सांगितलं. बाबा म्हणतात, आजीच्या आधी झालं पाहिजे."

"कोणाच्या आधी?"

"तुह्या आधी, आजी."

थोड्या वेळानं पंचफुलाबाईंचा आवाज आला, जुना, खणखणीत. "समोरच्या मास्तरीणबाईले बोलावून आण. म्हण, मोरीचं पाणी राहू द्या."

यमुताई आल्या. मान-अपमान, आधीचं बोलणं, कशाचाही उल्लेख झाला नाही. मनोहरराव कचेरीत गेले की त्या यायच्या. आधी निजल्या निजल्या टाच, मग गुडघा, मग पाय ताठ करून वर धरणं. मग बसणं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा उठवून बसवलं तेव्हा पंचफुलाबाईंना गरगरलं, घाम सुटला, आणि त्यांनी यमुताईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. यमुताई शांतपणे म्हणाल्या, शिव्या द्यायच्या तर पाय खाली सोडून द्या. दुखायचं किती! मी त्यांचे ओठ दाताखाली दाबलेले पाहिले आहेत. पण दुखणं दिसलं की पाठीवर हात फिरवून पुन्हा निजवायचं, ही त्या घराची रीत यमुताईंनी पाळली नाही. त्यांची स्वतःची आई अशीच माया करून वर्षानुवर्षं निजवून ठेवली होती, एवढं त्या मला एकदा म्हणाल्या.

वच्छलाला कळायला वेळ लागला नाही. एके दिवशी ती आत आली तर सासूबाई खिडकीच्या गजांना धरून उभ्या. पाय थरथरत होते. वच्छलाचा बांध फुटला. ती मुळात कमी बोलणारी बाई, त्या दिवशी मात्र थांबली नाही. त्या पडल्या तर कोण काढणार? हगणं-मुतणं मीच काढते, चादरी मीच धुते, पाठीच्या जखमा मीच पुसते, घरधनी नुसते हात जोडून उभे राहतात. पुन्हा हाड मोडलं तर ते सगळं माझ्याच डोक्यावर येईल, मास्तरीणबाईंच्या नाही.

आणि ती खोटं बोलत नव्हती. मनोहररावांच्या मायेची सगळी मजुरी तीच करत होती. माझा राग तिच्यावर नव्हता, नाही.

पंचफुलाबाईंनी गज सोडले नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणूनच उठून राहिली न वं मी. तुह्या हातचं ते मुताचं भांडं मले अन् तुले, दोघींलेही सुटलं पाह्यजे."

वच्छलानं जाऊन रस्त्याकडचं दार लोटून घेतलं, गल्लीतल्या कोणाला दिसू नये म्हणून, आणि सासूच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. नवऱ्याला तिनं एक शब्द सांगितला नाही. दुसऱ्या दिवसापासून ताटात भाकर आली, आणि भाकरीवर ठेचा.

जेवणाच्या मेजाची एक जुनी लाकडी खुर्ची होती. तिची पाठ धरून, ती पुढं सरकवत, पंचफुलाबाई खोलीतल्या खोलीत चालायला लागल्या. खुर्ची फरशीवर खरखरायची. तो आवाज भिंतीतून आला की मी हातातलं काम ठेवून ऐकत बसायचे. हळूहळू खुर्ची गेली, काठी आली.

मार्गशीर्षात महादेवराव तारीख पक्की करायला येणार असं ठरलं. पोहे करायला वच्छलानं मला बोलावलं होतं. सकाळीच मनोहररावांनी दोन माणसं बोलावून आईची खाट समोरच्या खोलीतून उचलून मागच्या अंधाऱ्या कोठीत नेली. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, असं म्हणाले. आईला खाटेसकट उचलून नेलं, जसं एखादं जुनं कपाट हलवावं. पंचफुलाबाईंनी पांघरुणाखाली काठी घट्ट धरून ठेवली होती. त्यांच्याकडे पाहून मला वाटलं, आज हिचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. तसंच झालं, पण चांगल्या अर्थानं.

महादेवराव आले, सोबत दोघं वडीलधारी मंडळी. पोहे झाले, चहा आला, पंचांग उघडलं. तेवढ्यात मधल्या खोलीतून काठी वाजली. एक टक, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा टक. मनोहररावांना वाटलं कोणी शेजारी असेल. पडदा बाजूला झाला आणि पंचफुलाबाई दारात उभ्या राहिल्या. धुवट हिरवं लुगडं, केस नीट बांधलेले. पाय एका बाजूला झुकत होता. वच्छला त्यांच्या मागं एक पाऊल अंतरावर होती, पण तिनं धरलं नव्हतं.

मनोहरराव उठून त्यांना धरायला धावले. पंचफुलाबाईंनी काठीनंच मुलाला बाजूला केलं आणि येऊन खुर्चीवर बसल्या.

"राम राम, पाव्हणे," त्या म्हणाल्या. "मी पोरीची आजी. जिच्या मराच्या आधी लगन उरकाचं म्हणून तुमी पंचांग पाहून राहिले, ते मीच होय."

मनोहरराव माय, माय करत राहिले. पंचफुलाबाईंनी महादेवरावांनाच सांगितलं की पोरीची परीक्षा उन्हाळ्यात आहे, ती पेपर देईल, मग लग्नाचं बोलू. "तोवर मी मरत नाई. अन् मेलीच, तर दिवस झाले का लगेच लगन लावा. मी आडवी येत नाई."

महादेवराव माणूस वाईट नव्हता. त्यानं टोपी नीट केली आणि समजुतीच्या स्वरात सांगितलं की थांबलो असतो, पण आमच्याही घरी म्हातारी खाटेवर आहे. तिच्या डोळ्यांदेखत नातवाचं लग्न व्हावं अशी इच्छा आहे.

"काय झालं तिले?"

"झालं काही नाई. वय झालं."

"पडली होती काय?"

"नाई. थकली. दोन वर्षं झाली, आम्ही तिले जाग्यावरून हलू देत नाई. सारं जाग्यावर."

पंचफुलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की महादेवरावांनी कप खाली ठेवला. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "जिती बाई दोन वर्षं खाटेवर टाकली, अन् आता तिले दाखवाले लगन करून राहिले. घरी जा अन् आधी तिले उठवून बसवा. लगन मंग पाहू."

एवढं झाल्यावर बैठक राहते कुठं? पाहुणे उठले. महादेवरावांनी दारात पंचफुलाबाईंना वाकून नमस्कार केला खरा, पण आठ दिवसांत निरोप आला की आम्हाला जमणार नाही. माघात त्यांनी मुलाचं लग्न दुसरीकडे केलं. त्यांच्या आईला कोणी बसवलं की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर त्या घरात जे झालं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं असेल. मनोहरराव म्हणाले, "तुह्या हट्टापायी माह्या पोरीचं सोन्यासारखं स्थळ गेलं."

"अन् तुह्या भीतीपायी मी जिती जाणार होती, ते दिसलं नाई तुले?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "मले जपलं नाई तू, मन्या. तू आपली भीती जपली. न्हाणी घासाची होती, ते घासली नाई. माणूस निजवून ठेवलं."

मनोहरराव घराबाहेर गेले. त्यानंतर होळी येऊन गेली तरी ते आईशी बोलत नव्हते. ताट वाढलं की तोंड फिरवून जेवायचे. न्हाणीतली फरशी मात्र त्यांनी त्याच आठवड्यात फोडून खडबडीत करून घेतली आणि भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवली.

प्रेमिलानं परीक्षा दिली. दुसरा वर्ग मिळाला. घरातल्या त्या अबोल्यात, बापाच्या फुगलेल्या चेहऱ्यासमोर बसून पोरीनं तेवढं केलं, हेच पुष्कळ. पुढं तिला एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, आणि लग्न झालं ते चांगलं उशिरानं, वर्ध्याच्या एका मास्तरांशी. नातेवाईकांनी त्या उशिराचं खापर शेवटपर्यंत आजीवर फोडलं. आजीनं ते खुशाल फोडू दिलं.

पंचफुलाबाईंनी मोच्याकडून एका चपलेचा तळ जाड करून घेतला, म्हणजे आखूड पाय बरोबरीला आला. मग सकाळी समोरून यमुताई निघायच्या आणि इकडून पंचफुलाबाई. रेशीमबागेच्या मैदानापर्यंत दोघी भांडत जायच्या. मोरीचं पाणी, कांद्याचे भाव, देवधर्म, काहीही पुरायचं. एक पांढरं लुगडं हात हलवत सरळ चालायचं आणि एक हिरवं लुगडं काठी आपटत तिरकं. पुन्हा लोक हसायचे. यावेळी पंचफुलाबाई थांबून हसणाऱ्याचं नाव विचारायच्या.

आणि त्यांना एक खोडच लागली. ज्या घरात म्हातारं माणूस खाटेवर टाकलं आहे असं कळायचं तिथं त्या न बोलावता जायच्या, डॉक्टरांनी खरोखरच निजवायला सांगितलं आहे काय, ते विचारायच्या, आणि नसेल सांगितलं तर घरच्यांची खरडपट्टी काढायच्या. दोन-तीन म्हातारी माणसं त्यांच्या शिव्या खाऊन उठली, अंगणात बसायला लागली. पण सगळीकडे तसं झालं नाही. मागच्या गल्लीत मीराबाई म्हणून एक होत्या. धडधाकट बाई, नुसत्या तापातून उठल्या होत्या. मुलानं निजवून ठेवलं. पंचफुलाबाई गेल्या तर त्यानं दारातच अडवलं आणि आमच्या घरात नाक खुपसू नका म्हणून सांगितलं. त्या पुन्हा गेल्या, त्यानं पुन्हा हाकललं. पाठीच्या जखमा चिघळून मीराबाई पावसाळ्यात वारल्या. मुलानं तेराव्याला मोठं जेवण घातलं. पंचफुलाबाई त्या जेवणाला गेल्या नाहीत आणि दिवसभर घरात भांडी आपटत होत्या. मीही गेले नाही.

पुढं मनोहरराव निवृत्त झाले आणि व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून बसायला लागले. पोट सुटलं, साखर निघाली, जिना चढला की धाप लागायची. आता मी आराम करणार, इतकी वर्षं कचेरीत हाडं झिजवली, असं म्हणायचे. त्यांची आई सत्तरी ओलांडलेली. ती रोज सकाळी जाड तळाची चप्पल घालून त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहायची. एक दिवस तिनं खुर्चीच उचलून आत ठेवायला सांगितली. वच्छलानं ती ठेवली. मनोहरराव चिडून, तोंडातल्या तोंडात पुटपुटत, सदरा चढवून आईच्या मागं निघाले. मैदानापर्यंत दोघांत दहा हातांचं अंतर होतं. आपलं चुकलं असं ते कधी म्हणाले नाहीत. चालायला मात्र रोज जायला लागले.

पंचफुलाबाई एकोणीसशे शहाऐंशीच्या चैत्रात गेल्या. ताप आला आणि थोड्याच दिवसांत संपलं. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या वच्छलाचा हात धरून न्हाणीपर्यंत चालत जात होत्या. आम्ही तोवर धंतोलीत राहायला गेलो होतो. मी गेले तेव्हा बायका बसलेल्या होत्या. जयवंताबाईही होत्या, आता खूप थकलेल्या. त्या म्हणाल्या की पंचफुला मोठी नशीबवान, कोणाची सेवा घेतली नाही, अंथरुणाला खिळली नाही. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. नशीबच लागतं बाई असं मरण यायला.

वच्छला कोपऱ्यात बसली होती. तिनं डोकं वर केलं. "नशीब कायचं?" ती म्हणाली. "तुमी गंगाजल ठेवून गेल्या होत्या तवा नशीबच होतं तिचं. त्याच्यानंतर जे झालं ते तिनं केलं. दात-ओठ खाऊन केलं. मी पाह्यलं आहे."

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. वच्छलानं माझ्याकडे पाहून, यमुताईंना कोणी कळवलं आहे काय, म्हणून विचारलं. यमुताई आपल्या मुलीकडे पुण्याला गेल्या होत्या. मी तार करते म्हणाले आणि उठले.